हजेरीपट



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा गेला, मग दिवाळी. "काका, लिहिणं बंद केलं काय?" असं दोन-तीन जणांनी विचारलं. बंद केलं नाही, सुचत नव्हतं. आता सुचलं आहे ते जरा भलतंच आहे. विषय कॉम्प्युटरचा आहे. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस, पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे ज्यांना यातलं कळतं त्यांनी चुका पोटात घालाव्यात. ज्यांना कळत नाही त्यांनी घाबरू नये, कारण फिरून आपण शाळेच्या हजेरीपटापाशीच येणार आहोत.

तर झालं असं. दिवाळीत थोरलीचा मुलगा, म्हणजे माझा नातू, पुण्याहून आला होता. तो हिंजवडीला नोकरी करतो. काय करतो हे मला पाच वर्षं नीट समजलं नव्हतं. कोणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत असे. भाऊबीजेच्या रात्री पावणेतीनला त्याचा फोन केकाटायला लागला. साधी रिंग नव्हे, भोंग्यासारखा आवाज. माझ्या वयाच्या माणसाला रात्री फोन वाजला की एकच गोष्ट सुचते. मी धडपडत उठून त्याच्या खोलीच्या दारात गेलो.

"काऊन रे, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, आजोबा. डिस्क भरतेय."

"भरली?"

"नाही, अजून बरीच रिकामी आहे. पण गेल्या तासाभरात ज्या वेगाने भरत आली, त्याच वेगाने भरत राहिली तर चार तासांत पूर्ण भरेल. मग सगळं बंद पडेल. तुम्ही झोपा."

वीसेक मिनिटं तो लॅपटॉपवर टकटक करत बसला, मग झोपला. मला काही झोप लागली नाही. माणसं काहीतरी बिघडलं म्हणून उठतात. हा मुलगा अजून काहीच बिघडलं नव्हतं म्हणून उठला होता. बिघडण्याच्या चार तास आधी त्याला कोणीतरी हाक मारली होती. ती कोणी मारली, हे मला जाणून घ्यायचं होतं.

सकाळी चहा झाल्यावर त्याला म्हटलं, "आता मला शिकव. मी तुला बाराखडी शिकवली, तू मला हे शिकव." त्याने लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, निळ्या रेघा सरकत होत्या. दवाखान्यात खाटेला तापाचा तक्ता टांगलेला असतो ना, तसे तीस-चाळीस तक्ते एकाच फळ्यावर. प्रत्येक रेघ म्हणजे कुठल्या तरी मशीनची एक नाडी. प्रोसेसरवर ताण किती, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, सेकंदाला किती लोक काय मागताहेत, त्यांना उत्तर मिळायला किती वेळ लागतोय.

हे सगळे आकडे ठेवायची जी वही आहे तिला टाइम सिरीज डेटाबेस म्हणतात. मी त्याला 'काळवही' असं नाव दिलं. नातू हसला, पण नाही म्हणाला नाही. आपल्या साध्या वहीत एखादी गोष्ट बदलली की जुनं खोडून नवं लिहितो. बँकेत तुमची शिल्लक किती, तर आजची. काळवहीत काही खोडायचं नसतं. अमुक वेळेला अमुक आकडा, त्यापुढे पुढची वेळ, पुढचा आकडा, अशी ओळ वाढत जाते. आजचा आकडा किती हा तिथला मोठा प्रश्न नव्हे. आकडा कुठून कुठे चालला आहे, हा प्रश्न.

त्यांच्याकडे जी काळवही आहे तिचं नाव प्रोमीथियस. ग्रीक कथेत देवांकडून अग्नी चोरून माणसाला देणारा तो. आपल्या ऋग्वेदातही मातरिश्वा अग्नी आणून देतोच, फक्त आपल्या कथेत चोरीचा आळ नाही. हे सॉफ्टवेअर २०१२ साली बर्लिनच्या साउंडक्लाउड नावाच्या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीत सुरू झालं. गूगलमधून तिथे आलेल्या मॅट प्राउड आणि ज्युलियस व्होल्झ या दोघांनी ते लिहायला घेतलं. गूगलमध्ये बोर्गमॉन नावाची अशीच घरगुती व्यवस्था होती, तिची सवय झालेली, बाहेर तसं काही मिळेना, म्हणून स्वतःच केलं. २०१५ च्या जानेवारीत ते जगापुढे मांडलं. २०१६ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेकडे गेलं, तेव्हापासून ते कुठल्या एका कंपनीचं राहिलेलं नाही.

आणि फुकट आहे. नुसतं फुकट नाही, उघडं आहे. आतला सगळा मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, त्यात सुधारणा करावी. याला ओपन सोर्स म्हणतात. मला यात गावच्या विहिरीची आठवण झाली. पाणी सगळ्यांचं, पण गाळ काढायलाही सगळ्यांनी यायचं. नातू म्हणाला, "आजोबा, गाळ काढायला नेहमी तेच चार जण येतात, हे पण विहिरीसारखंच आहे." रंगीत रेघा काढून दाखवणारं सॉफ्टवेअर वेगळं, त्याला ग्राफाना म्हणतात. ते टॉर्केल ओडेगार्ड नावाच्या स्वीडिश गृहस्थाने सुरू केलं, पहिली आवृत्ती २०१४ ची.

आता मला ज्याने खिळवून ठेवलं ते सांगतो. मला वाटलं होतं की मशीन आजारी पडलं की ते ओरडत असेल, "मला बरं नाही." तसं नाही. प्रोमीथियस स्वतः दर पंधरा सेकंदांनी प्रत्येक मशीनच्या दारात जातो आणि विचारतो, "काय चाललंय?" मशीन आपले आकडे सांगतं. तो लिहून घेतो आणि पुढच्या दारी जातो. हा पंधरा सेकंदांचा हिशोब नातवाच्या कंपनीचा, दुसरीकडे मिनिटाचा असू शकतो.

म्हटलं, "अरे, ही तर हजेरी झाली!"

"हजेरीच आहे. ज्याने उत्तर दिलं त्याच्यापुढे एक, ज्याने दिलं नाही त्याच्यापुढे शून्य. आणि हे बघा, यात एक फंक्शन आहे, त्याचं नावच ॲब्सेंट."

मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली आहे. पहिल्या तासाला, नाव घेऊन, मान वर करून. म्हणून मला ती पद्धत पटली. जो मुलगा वर्गात नाही तो "मी गैरहजर आहे" असं सांगायला येत नाही. मेलेलं मशीन तक्रार करत नाही. ज्याची तक्रार येते तो निदान जिवंत असतो. शांततेचा अर्थ लावायचा असेल तर विचारायला आपणच जावं लागतं.

नातवाने मग आकडेमोड करून दाखवली. पंधरा सेकंदांनी एक, म्हणजे दिवसाला ५,७६० नोंदी. एका मशीनचे हजारेक आकडे, अशी शंभर मशीन धरली तर दिवसाला ५७ कोटी ६० लाख नोंदी. वेळ आणि आकडा दोन्ही साधे लिहिले तर एका नोंदीला सोळा बाइट जागा लागते. मग एवढं मावतं कुठे? याचं उत्तर फेसबुकच्या लोकांनी २०१५ मध्ये गोरिला नावाच्या निबंधात दिलं होतं, आणि ते प्रत्येक मास्तरला माहीत आहे. आपण रजिस्टरमध्ये खालोखाल तेच लिहायचं असेल तर काय करतो? 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन टिकल्या देतो. हे तेच करतात. वेळ दर वेळी पंधरा सेकंदांनीच पुढे सरकते, मग ती पूर्ण कशाला लिहायची? अंतर बदललं नाही, एवढी एक टिकली पुरे. आकडाही पुष्कळदा आधीचाच असतो, तिथेही टिकली. त्या निबंधात ९६ टक्के वेळांना एकेक बिट पुरला, आणि सोळा बाइटची नोंद सरासरी १.३७ बाइटमध्ये बसली. प्रोमीथियसनेही पुढे हीच युक्ती उचलली. जगातल्या हुशार लोकांना आपल्या शाळेतल्या कारकुनाची युक्ती वापरावी लागली, याचा मला उगीच आनंद झाला.

मग मी रात्रीचा प्रश्न काढला. डिस्क भरली नव्हती तर भोंगा का वाजला?

आपल्याकडे पावसाचा हिशोब कसा असतो बघा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मग पंचनामे, मग मदत. हे मोजायला 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यभर मंडळा-मंडळात उभी आहेत, आपल्या जिल्ह्यातही आहेत. ६५ ही एक रेघ झाली. ती ओलांडली तर घंटा. पण रोज पन्नास-पन्नास मिलिमीटर आठ दिवस पडला तर रेघ एकदाही ओलांडली जात नाही आणि कपाशी मात्र पिवळी पडून जाते. काळवहीत दोन्ही सोय आहे. रेघ ओलांडली तर घंटा लावता येते आणि उतार बघूनही घंटा लावता येते. मागचा तासभर ज्या चालीने आकडा गेला ती चाल तशीच पुढे ओढायची आणि ती कुठे टेकते ते बघायचं. सातवीच्या भूमितीतली पट्टी लावून रेघ वाढवणं, एवढंच ते. त्या रात्री ती रेघ पावणेसातला टेकत होती.

त्याने अजून एक गोष्ट सांगितली, ती क्रिकेटवाल्यांना आवडेल. १० जुलै २०१९, मँचेस्टरला विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत-न्यूझीलंड. आदल्या दिवशी पावसाने थांबलेला सामना पुढे सुरू. तेव्हा मुंबईच्या हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक तो बघत होते. धोनी धावबाद झाला आणि तो आकडा धाडकन उतरायला लागला. आपल्याला वाटेल, गर्दी गेली, बरं झालं. तसं नव्हे. ही सगळी माणसं एकदम 'मागे'चं बटण दाबून पहिल्या पानावर येतात आणि ते पान सांभाळणाऱ्या मशीनवर लोंढा येतो. तिथल्या अभियंत्यांनी नंतर जाहीर भाषणात सांगितलं होतं की चढाइतकीच उताराची तयारी ठेवावी लागते. नातू म्हणाला, "नवीन पोरं फक्त चढती रेघ बघतात, आजोबा. उतरती रेघ कोणी बघत नाही."

इथे मी गप्प झालो. त्याला वाटलं मी कंटाळलो. म्हणून हा लेख.

मंडळी, ही गोष्ट मी आमच्या 'ही'ला सोडून कोणाला सांगितली नव्हती. १९९१-९२ चं वर्ष. दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. पट ४६. त्यात एक मुलगी होती, तिचं नाव लिहीत नाही. गणितात बरी, मराठीत फार चांगली. शाळेपासून तीन किलोमीटरवरच्या वस्तीवरून चालत यायची. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलैत ती एकच दिवस आली नाही. ऑगस्टमध्ये तीन दिवस. सप्टेंबरमध्ये सात. ऑक्टोबरमध्ये निम्म्याहून जास्त. दिवाळीनंतर तीन दिवस आली आणि मग आलीच नाही.

हे आकडे मला पाठ आहेत, कारण ते मीच लिहिले होते. रोज सकाळी तिचं नाव घेतलं, उत्तर आलं नाही, 'गै' लिहिलं, पुढचं नाव घेतलं. महिनाअखेरीला लाल शाईने बेरीज केली, सरासरी काढली. सरासरी उत्तम होती. पावसाळा सरला, नाल्यांचं पाणी उतरलं, बाकीची पोरं नियमित यायला लागली आणि वर्गाची सरासरी चढत गेली. तपासणीला साहेब आले, त्यांनी शेरा लिहिला, 'उपस्थिती समाधानकारक'. मला त्या शेऱ्याचा अभिमान वाटला होता.

फेब्रुवारीत एका मुलाने सांगितलं, "सर, तिचं लगन झालं." ती चौदा वर्षांची होती. आई आजारी, कापूस वेचायला हात कमी, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी, मग घरीच आहे तर उजवून टाका. प्रत्येक पायरी हजेरीपटात दिसत होती. जुलैपासून रेघ उतरत होती. पट्टी लावली असती तर ती खाली चालली आहे हे ऑगस्टअखेर दिसलं असतं. पण मी रोजचा आकडा लिहीत होतो आणि महिन्याची सरासरी बघत होतो. उभी बेरीज करत होतो, आडवी ओळ वाचत नव्हतो.

नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्यात सरासरी बघणं चूक मानतात. शंभरातल्या नव्याण्णव लोकांना पान लगेच मिळालं आणि एकाला तीस सेकंद लागले, तरी सरासरी छानच येते. म्हणून आम्ही त्या शेवटच्या एकाचा आकडा वेगळा काढतो." त्याला ते पहिल्या वर्षी शिकवतात. मला ते निवृत्त होऊन सोळा-सतरा वर्षांनी कळलं.

पुढची गोष्ट अशी की ती मला परत भेटली. निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी, एस. टी. स्टँडवर. तिने ओळखलं, मी नाही ओळखलं. पायाला हात लावला, मुलांबद्दल सांगितलं, दोन्ही शिकताहेत म्हणाली. मग म्हणाली, "सर, मी शाळेत येत नव्हते तेव्हा माझी मैत्रीण सांगे, सर तुझं नाव आलं की थोडा वेळ थांबतात, मग पुढचं नाव घेतात. मले वाटे, सर घरी येतीन विचाराले." ती तक्रार करत नव्हती. जुनी आठवण म्हणून हसत सांगत होती. तिची गाडी लागली आणि ती गेली. तीन किलोमीटर. माझ्याकडे सायकल होती.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "आता सांगून काय उपयोग?" ते खरंच होतं.

परवा नातवाकडून मला आणखी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे प्रोमीथियसमध्ये माणसांची नावं ठेवत नाहीत. प्रत्येक नव्या नावाची नवी ओळ सुरू होते, लाखो ग्राहकांची नावं घातली तर वही फुगून मशीनच बसतं. म्हणून तसं करू नका अशी त्यांच्या माहितीपुस्तिकेत ताकीद आहे. दुसरी म्हणजे मुद्दाम सांगितलं नाही तर ही वही पंधरा दिवसांपूर्वीचं सगळं पुसून टाकते. मी म्हटलं, "बरं आहे तुमचं. नावं नाहीत, आणि पंधरा दिवसांत विसरायची मुभा." माझ्या पटावर नावांशिवाय काही नव्हतं आणि विसरायची सोयही नव्हती.

तो जरा वेळाने म्हणाला, "पण आजोबा, आमच्यात एक नियम पक्का असतो. घंटा वाजली तर कोण उठणार, हे आधी ठरवायचं. ज्या घंटेवर कोणी उठणार नाही, ती लावायचीच नाही." नोंद ठेवणं हे अर्धं काम. त्या वर्गाच्या घंटेवर उठायची पाळी माझी होती.

आता घरातल्या मंडळींसाठी. तुम्ही हे वाचताच, म्हणून इथेच लिहितो.

ही गेल्यापासून मी यवतमाळला एकटा राहतो. २०२३ च्या जुलैत जिल्ह्यात मोठा पूर आला, महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं अडकली, हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं. टीव्हीवर ते दिसत होतं आणि माझा फोन चार्जिंगअभावी बंद. धाकटी नाशिकला रात्रभर जागी होती. मी इकडे घोरत होतो. तेव्हापासून तिचं सुरू झालं की हॉलमध्ये कॅमेरा लावू, मनगटाला ते नाडी मोजणारं घड्याळ बांधू. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्यावर भडकलो. "मी काय मशीन आहे काय? मला काय तक्त्यावर टांगता?" असं बोललो. ती रडली. मी फोन ठेवला आणि पंधरा दिवस केला नाही. माझी वही पंधरा दिवसांत पुसली गेली नाही, तिचीही गेली नसणार.

दिवाळीच्या त्या सकाळी मला कळलं की ती फक्त हजेरी घेत होती. आणि मी मुद्दाम उत्तर देत नव्हतो.

तरीही कॅमेरा नको, हे माझं मत कायम आहे. चोवीस तास बघत राहणं आणि दिवसातून एकदा नाव घेणं यात फरक आहे. यावर नातवानेच तोडगा काढला, तोही त्याच्या धंद्यातला. त्यांच्याकडे वॉचडॉग नावाची एक घंटा असते, ती कायम वाजतच असते. ती वाजते आहे म्हणजे सगळी व्यवस्था जागी आहे. ती थांबली की समजायचं, घंटा वाजवणाराच पडला. म्हणजे आवाज झाला तर निश्चिंत, थांबला तर धावायचं.

मी रोज सकाळी आपल्या घरच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि 'सुप्रभात' टाकतो. त्याची तुम्ही सगळे चेष्टा करता, निम्म्यांनी ग्रुपचा आवाजही बंद केला आहे, मला माहीत आहे. तेच फूल आता वॉचडॉग झालं. नियम असे ठरले:

सकाळी सातपर्यंत फूल येईल. आठपर्यंत आलं नाही तर धाकटीने फोन करायचा. लगेच नाही, एक तास थांबून. त्यांच्यातही घंटा लगेच वाजवत नाहीत, बिघाड काही मिनिटं टिकला तरच वाजवतात, नाहीतर 'लांडगा आला रे' होऊन खऱ्या वेळी कोणी उठत नाही.

फोन उचलला नाही तर सव्वाआठला शेजारच्या गुरुजींना फोन. त्यांच्याकडे किल्ली आहे. एका वेळी एकानेच करायचा. सगळ्यांनी मिळून दहा फोन करू नयेत.

मी गावाला जाणार असेन, रेंज नसेल, तर आदल्या रात्री सांगेन. त्यांच्यातही अशी रीतसर रजा देता येते, तिला 'सायलेन्स' म्हणतात. न सांगता रजा घ्यायची नाही. शाळेचाच नियम.

आणि व्हॉट्सॲपच बंद पडलं तर? ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर ते जगभर बंद पडलं होतं, आठवत असेल. फेसबुकची सगळी सेवा सहाएक तास गेली होती, आणि दुरुस्त करणाऱ्यांची स्वतःची साधनंही त्याच जाळ्यावर असल्याने तीही अडली. राखणदार आणि राखायची वस्तू एकाच कुलुपात ठेवू नये, असा त्याचा धडा. म्हणून त्या दिवशी मी साधा फोन करणार.

महिना झाला. एकदा खोटी घंटा वाजली. मी दूध आणायला गेलो आणि चौकात जुन्या विद्यार्थ्याशी बोलत बसलो. सव्वाआठनंतर घरी आलो तर गुरुजी बनियनवर, हातात किल्ली घेऊन दारात. काय बोलावं कळेना. मग दोघांनी चहा घेतला. ते म्हणाले, "मास्तर, माझंही असं काहीतरी करा ना. माझा मुलगा तर अमेरिकेत आहे." आता ते मला सहाला फूल पाठवतात आणि मी सातला तुम्हाला पाठवतो. गल्लीत आणखी दोघी-तिघी एकट्या आहेत, त्यांना विचारणार आहे.

धाकटे, त्या दिवशीचं बोलणं मी मागे घेतो. फोनवर हे जमलं नसतं, म्हणून लिहिलं. तुझं चुकलं नव्हतं. तू विचारायला आलीस. मी एकदा गेलो नव्हतो, त्यामुळे विचारायला येणाऱ्याची किंमत मला निदान तुझ्याआधी कळायला हवी होती. ग्रुपचा आवाज मात्र चालू कर.

असो. लांबलं जरा. तांत्रिक चुका असतील तर नातवाला विचारा, इतर चुका माझ्या. प्रतिक्रिया कळवा. उद्या सातला भेटूच.